हॉलच्या दाराबाहेर

हॉल चार ते आठ. पावती फाडताना
भोईर सेक्रेटरींनी बजावलं, भिंतीला खिळा नाही.
झोपाळ्याला कडीच नव्हती,
म्हणून आमच्या गॅलरीतली वेताची खुर्ची खाली आणली,
तिच्या हातांना निशिगंध गुंडाळला.

सकाळी जांभळी नाक्यावर
फुलवालीनं विचारलं, बांगडीचं माप?
मी माझंच मनगट पुढे केलं.
ती हसली. सातवा ना? हात सुजले असतील,
सैल करते.
रिक्षात कळव्याच्या पुलावर
पाटी मांडीवर घट्ट धरून बसलो.

पाचला नेवाळकर काकूंनी दार लोटलं:
"बायकांचा कार्यक्रम आहे, तुम्ही बर्फाचं बघा."
बघितलं बर्फाचं.
मग केटररच्या पोराशेजारी जिन्यात बसून
पन्ह्याचे पेले मोजले. बासष्ट.
आत ऋजुतानं नाव घेतलं माझं,
टाळ्यांत उखाण्याचा शेवट बुडाला.

मग एकदम शांत.
म्हणजे वाट्या आल्या. पालथ्या,
एक चांदीची, एक स्टीलची,
जोडीची सापडलीच नव्हती.
मग हशा, इतका की कळेना
पेढा निघाला का बर्फी.
पोरगा म्हणाला, विचारून येऊ?
नको म्हटलं.

रात्री खुर्ची वर नेताना, लिफ्टमध्ये,
ओटीचा पदर सोडत ती म्हणाली,
तुझ्यासाठी ठेवलंय.
तांदूळ चिकटलेला, हळदीनं पिवळा झालेला
चेपका एक गोळा.
दिव्याखाली फिरवून पाहिला.
ओळखू येईना.
तिनं सांगितलं नाही,
अर्धा तोडून
आधी स्वतःच खाल्ला.