मु. पो. सालमिया

बावीस वर्षांपूर्वी एका खिडकीतल्या माणसाने
माझं नाव अरबीत उतरवून घेतलं.
त्या लिपीत प नाही.
तेव्हापासून कुवेतपुरती मी बद्मजा बेंडसे,
अठरा नंबरचा इकामा,
व्यवसाय : टंकलेखक.

केलंच म्हणा टंकलेखन.
दर गुरुवारी साडेसहाशे शब्द,
इंग्रजी दैनिकाचं अकरावं पान,
खाली टायरची जाहिरात.
साडू विणणाऱ्या बायकांवर लिहिलं,
त्यांच्या पट्ट्यांतल्या कात्र्यांवर, विंचवांवर.
एका सुदानी चित्रकारावर लिहिलं,
बँकेत रात्रपाळीचा पहारेकरी होता तो,
त्याच्या सगळ्या नद्या तपकिरी.
‘धाडसी रंगयोजना’ असं मी छापून मोकळी.
त्याचा फोन आला, हसतच होता :
बाई, निळा महाग पडतो.
दुरुस्ती टाकू या, मी कुरियनला म्हटलं.
तो म्हणाला, पुलाच्या बातमीत दुरुस्ती टाकतात,
चित्राच्या नाही.

स्वतःच्या कविता लिहायच्या त्या पगाराच्या पाकिटांवर.
पाकिटं लहान असतात.
कविताही तेवढ्याच राहिल्या.

मग बदरिया भेटली.
सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, सिगारेट लपवून ओढणारी.
माझा दिवाण मराठीत कर, म्हणाली.
आमच्याकडे दिवाण म्हणजे पलंग, मी सांगितलं.
मग तर उत्तमच, ती म्हणाली,
माझ्या निम्म्या कविता तिथेच झाल्यात.

सात वर्षं तिच्या ओळींपाशी बसले.
इकाम्याच्या रांगेत टोकन हातात धरून
एकदा कळलं,
इकामा, मुक्काम आणि कायम
एकाच मुळाचे : काफ, वाव, मीम.
आपण कायम म्हणतो तेव्हा कायम असतं.
इथे दर वर्षी शिक्का लागतो.
शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं,
पण तिचा नंबर आला.

अडले ते एका शब्दावर. तोज.
एप्रिलमध्ये दुपारी चारला दिवे लावावे लागतात,
दातांखाली करकर,
दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, ते तोज.
धूळ लिहिलं. फारच सज्जन.
धुरळा लिहिलं, तो पायांनी उडतो.
फुफाट्यात तर चालता येतं.
दोन वर्षं तिथे पेन्सिलची फुली होती.
शेवटी भावाला बीडला फोन लावला,
घराच्या वाटणीचं बोलणं चाललं होतं,
मध्येच विचारलं,
अरे, आपल्याकडे गिरणीत कापूस पिंजताना उडायचा
त्याला अप्पा काय म्हणायचे?
खकाणा, तो म्हणाला, आणखी काय म्हणणार?
आणि सही कधी पाठवतेस?

गेल्या जूनमध्ये अकरावं पान बंद झालं.
तिथे आता मॉलच्या सवलती असतात.
कुरियन कोट्टयमला गेला, रबराची झाडं बघतो.
मला कचेरीने एक घड्याळ दिलं.

त्या संध्याकाळी बदरियाकडे गेले,
तिला तिचीच कविता मराठीत वाचून दाखवायला.
ती डोळे मिटून ऐकत होती,
एक अक्षर कळत नव्हतं.
मग बोट वर झालं.
मुक्काम? हा माझा.
पुढच्या ओळीत पुन्हा बोट. बाकी. माझा.
हयात. अखेर. हिशेब.
तुझ्या भाषेने माझं घर लुटलंय, ती म्हणाली.
मी म्हटलं, किती पिढ्या वापरतोय,
आता परत मागू नकोस.

चौथं कडवं आलं.
त्यात तिचा एकही शब्द नव्हता.
मी वाचलं, खकाणा,
आणि बदरियाने, डोळे मिटलेलेच,
ओढणीचं टोक नाकातोंडावर धरलं.

मी थांबले.
वाच ना, ती ओढणीतून म्हणाली,
खिडकी लावून घे आणि वाच.