मुसकं

एर्मिनाबायने पैसे मोजले नाहीत,
झग्याच्या खिशात तसेच कोंबले.
मग गोठ्याच्या खांबावरचं मुसकं काढून
माझ्या हातात दिलं. काथ्याचं,
पुढे चार खिळे, टोकं बाहेर.

"हिला टोचत नाही ते," म्हणाली,
"आईला टोचतं.
मग आईच लाथ मारते.
आपल्याला काही करावं लागत नाही."

मी बोलले नाही.
गेल्या महिन्यात मी किरायतं उगाळलं होतं,
आणि पिकूने तोंड लावून
माझ्याकडे असं पाहिलं होतं
जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरातून आलेय.

सात महिन्यांची कालवड.
कपाळावर चुन्याचं बोट पुसावं तसा ठिपका.
नाव एस्त्रेल.
"हाकेला येते. पण माझ्या."
गाय परसात होती, झावळ्यांच्या कुडाआड.
तिने रवंथ थांबवला नाही.
दिवाडीचा चढ उतरताना मी दोनदा वळून पाहिलं.
कालवडीने नाही.

फेरीवर तिकीटवाला गोंधळला.
"हिचं काय लावू?"
"दुचाकीचं लाव," पुंडलीक भावजी म्हणाले.
"पाय चार आहेत."
"मग गाडीचं लाव, आणि काच पुसून दे."
लोक हसले. कालवडीने तेवढ्यात
पत्र्यावर हिरवं शेण टाकलं,
एका मास्तरांनी घाईने बूट उचलले,
आणि इंजिन सुरू झालं तशी ती
चारही पाय फाकून उभी राहिली,
जमीन सरकतेय हे कळलेल्या माणसासारखी.

ओहोटी होती. खारफुटीची मुळं उघडी,
चिखलात खेकड्यांची ये-जा.
मी दावं आखूड धरलं होतं.
तिने माझा हात हुंगला,
मग दोन बोटं अख्खी तोंडात घेतली.
जीभ खरखरीत. ओढ मात्र तीच.
मी हात काढून घ्यायला हवा होता.
ब्लाउज ओला झाला, तो पदराने झाकला
आणि नार्व्याच्या धक्क्याकडे बघत राहिले.
भावजी बिडी पेटवत होते, बरं झालं.

घरी सहा ढोरं.
पोवळीने हुंगलं, मग शिंग लावलं, जोरात नाही,
दारात नव्या भाडेकरूला नाव विचारावं तसं.
आबोलीने पाठ फिरवली.
म्हातारी तांबडी उठलीच नाही.
सासूबाईंनी खुरांवर पाणी ओतलं, हळद लावली,
"एस्त्रेल कसलं नाव," म्हणाल्या
आणि दुसरं शोधायला लागल्या.
पेंडीला तिने तोंड लावलं नाही.

रात्री हंबरली. थांबली. परत हंबरली.
शेवटच्या फेरीचा भोंगा वाजला
आणि त्याच्यामागून नदीवरून काहीतरी आलं,
लांबट, जाड.
गायीचं, की भोंग्याचंच उरलेलं,
उंबऱ्यात उभी राहून मला ओळखता आलं नाही.
तिने कान टवकारले होते.
आत पिकू झोपेतच ओठ हलवत होता.

तिसऱ्या दिवशी खाजनात सोडली.
कापणीनंतरचे खुंट, बांधावर बगळे,
सहा ढोरं ओळीने
आणि वीस पावलं मागे ती.
मग पंधरा. मग परत वीस.
मानशीजवळ पाण्याचा आवाज ऐकून थिजली,
तेव्हा तांबडी, जी कुणासाठी थांबत नाही,
थांबली.
मुतायला थांबली, भावजी म्हणतात.
असेल.
पण तेवढ्यात कालवड धावत
तिच्या कुशीला जाऊन लागली,
आणि मग कुणी वळून पाहिलं नाही,
चरायचं होतं सगळ्यांना.

मुसकं मी चुलीत घातलं. काथ्या भुरकन पेटला,
खिळे दुसऱ्या दिवशी राखेत सापडले.
सासूबाईंनी चांदणी ठरवलंय.
कुणी नसलं की मी एस्त्रेल म्हणते.
येत नाही.
कान वळवते फक्त,
एकच, डावा.