उणे बावीस

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दर दोन तासांनी
मी दाराबाहेरच्या वहीत आकडा लिहिते.
उणे बावीस. उणे बावीस. एकदा उणे एकवीस,
तेव्हा साहेबांना उठवावं लागलं.

मधल्या वेळात पुस्तक.
मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पानं नाहीत,
सानपाड्याच्या रद्दीवाल्याने वजनातसुद्धा धरलं नाही.
म्हणून उत्तरेला कोण गेलं होतं, कुठल्या राजाच्या पैशावर,
मला ठाऊक नाही.
पान चौऱ्याण्णववर सहा जण होडीत आहेत
आणि धुकं.

भाषांतरकाराने त्या जनावराला नाव दिलंय समुद्रगज.
तो खालून आला.
आधी होडी नुसती उचलली गेली,
झोपेत कुणी कूस बदलली की गोधडी उचलते तशी.
मग फळी फोडून एक दात आत,
हातभर, पिवळा,
सुकाणू धरलेल्या पोराच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध.
कोणी ओरडलं नाही.
स्वयंपाकी कुऱ्हाड शोधत राहिला.
ती त्याच्याच बुडाखाली होती.

सकाळी दिवाळ्याला घरी आले
तर आबा ओट्यावर जाळं सांधत बसलेले.
त्यांच्या अंगठ्याचं वरचं पेर नाही.
वाम माशाने नेलं, मी दुसरीत होते तेव्हा.
त्यांना सगळं वाचून दाखवलं.
"फली कवरी जारी व्हती?"
लिहिलं नाहीये, आबा.
"मंग काय लिवलाय?"
वारा लिहिलाय. बर्फाचे रंग लिहिलेत, सात प्रकारचे.
त्या पोराने पुढे वर्षभर
गुडघे मिटूनच झोप घेतली, तेही लिहिलंय.

आबांनी दोन गाठी मारल्या.
"पोर घेतलेला काय तिचा?"

तिचा?

मी पानं मागे उलटली.
ब्याण्णव, खालून तिसरी ओळ,
भरतीच्या वेळा आणि तंबाखूच्या हिशेबामध्ये दडपलेलं:
दुपारी एक लहानगे होडीत घेतले, त्याच्या मिशा मऊ होत्या,
मांस कोवळे निघाले.
पुढचं वाक्य पुन्हा वाऱ्याचं.

"मंग ती येनारच," आबा म्हणाले,
आणि सुई दातात धरून
मला जाळ्याचं दुसरं टोक ओढायला लावलं.

आज रात्री आत सुरमईचे चारशे खोके आलेत.
मोजून झाले.
बोटं अजून नीट वळत नाहीत,
तरी पेन्सिल काढली, पान चौऱ्याण्णव उघडलं.
'तो' खोडून 'ती' लिहिलं.
मग 'आला'.
मग प्रकरणाचं नाव, ठळक अक्षरांत,
'एक अकारण हल्ला'.
त्यातला पहिला 'अ' खोडताना कागद फाटला जरासा.

चार वाजले.
उणे बावीस.