एकशे चाळीस अंश

युफेमियाच्या पातेल्यावर रजई आहे.
मुलाची असावी. निळी, ग्रहताऱ्यांची,
शनीच्या कड्यावर मिरचीचा डाग.
रूझवेल्ट अव्हेन्यू, पहाटेचे सव्वापाच.
डोक्यावरच्या पुलावरून गाडी खडखडत जाते तेव्हा
भाव बोटांनी सांगायचा:
दोन डॉलरला एक, पाचाला तीन.

येतात ते सगळे घाईत.
बुटांवर सिमेंट वाळलेले,
दुसऱ्यांची घरं पुसायला निघालेल्या,
रात्रपाळीहून परतणारा एक वॉर्डबॉय, डोळे चोळत.
एवढ्या पैशात एवढं पोटभर
इथे दुसरं काही मिळत नाही.

मी रांगेत नसते.
माझ्या गळ्यात ओळखपत्र,
खिशात सुईसारखा थर्मामीटर.
मक्याच्या सालीत सुई खुपसताना
दरवेळी वाटतं, हे तमाले आपल्या पातोळ्यांचे
चुलत-मावस कुणीतरी लागतात.

एकशे एकतीस.
हवे होते एकशे चाळीस.
नऊ अंश म्हणजे किती, युफेमिया विचारते.
जंतूंना पुरतील एवढे, मी सांगते
माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये.
खरंच आहे ते. गेल्या उन्हाळ्यात
दुसऱ्या एका गाडीवरच्या भाताने
एक लहान मुलगी चार दिवस सलाइनवर होती.
तिच्या बापाचा आवाज मी फोनवर ऐकला आहे.

ती हिशेब सांगते, न विचारता.
परवाना तिचा नाही, भाड्याचा. मालक फ्लोरिडात,
वर्षाला घेतो तेवढ्यात तिच्या गावी
स्लॅबची एक खोली उभी राहते.
गाडी लावायच्या गॅरेजचे वेगळे.
मका, चरबी, गॅस.
गॅस वाचवला, म्हणते, म्हणून तर रजई.

नियम असा, की फेकायचं. आणि
कुणी उचलून खाऊ नये म्हणून वरून ब्लीच.
आमच्या घरी सांडलेलं शीतसुद्धा
बोटाने टिपून कपाळाला लावत.
त्याच बोटांनी मी झाकण फिरवते.

चौसष्ट नग. फॉर्मात तसा रकाना आहे.
वास आधी मक्याचा येतो,
मग पोहण्याच्या तलावाचा.
वॉर्डबॉय अजून उभाच, हातात सुट्टे.

युफेमिया ओरडत नाही.
रजईची घडी घालते, कोपऱ्याला कोपरा जुळवून,
शनी आत जाईल अशी.
मग विचारते, तुझी ती सुई
केवढ्याला मिळते?
अठरा डॉलर.
ती काहीतरी म्हणते, पण वरून गाडी येते.
मग बोटं दाखवते:
नऊ.