पिग्मीवाला

तीस वर्षं अमळनेरात
मी लोकांचं म्हातारपण गोळा करत फिरलो.
दहा रुपये, वीस रुपये,
कुणाचे पन्नास, तेही दिवाळीनंतरच.
सायकल होती, मग लुना, मग पुन्हा सायकल.
रेक्झिनची काळी बॅग मात्र तीच;
चेन तुटली तेव्हा मोच्यानं टाके घातले
आणि मजुरी त्याच्याच हप्त्यात वळती केली.

सुपडू बारी पानाला चुना लावता लावता नोट पुढे करायचा,
अंगठ्याचा पांढरा ठसा असलेली.
शकील बागवानची मोसंब्यांखालून निघायची, गार.
मथाबाई भरिताची वांगी विकायच्या.
कमरेची पिशवी सोडायला त्यांना इतका वेळ लागे
की तोवर माझी पावती लिहून व्हायची.
एकदा म्हणाल्या,
"ह्या पैसा मराले नहीत रे भो, जगाले शेतस."

बाकीच्यांचं एक वाक्य ठरलेलं:
"आज नही भो, सकाय ये."
मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.
सकाय मी जायचोच.

कमिशन शंभरामागे तीन.
ते पोरीच्या फीला, बापाच्या मोतीबिंदूला,
गळक्या पत्र्यावर दुसरा पत्रा टाकायला.
मग एका मे महिन्यात, भर दुपारी,
बोरीच्या पुलावर कठड्याला सायकल टेकवली
आणि बॅग उगाच चाळली.
दोनशे अकरा खाती.
माझं नाव प्रत्येक पावतीवर, खालच्या कोपऱ्यात,
एजंट म्हणून.

वय तेव्हा चोपन्न.
पतसंस्थेतल्या भंगाळेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"खातेदार कोण? एजंट कोण?"
दोन्ही रकान्यांत मी तीच सही केली.

रोज तीस, साठीपर्यंत, व्याज धरून पाऊण लाख.
पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला:
महिना सहा हजारांत भागवलं
तर म्हातारपण बारा महिने, वर पंधरा दिवस.
शोभाला दाखवलं.
ती कळण्याची भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली,
"ते पंधरा दिवस शहाद्याला जाऊ, पोरीकडे.
आणि तीसचे चाळीस कर."

तर आता संध्याकाळी शेवटचं घर माझं.
उंबऱ्याबाहेर उभा राहतो, चपला घालूनच.
आतून शोभा विचारते, कोण?
मी म्हणतो, पिग्मी.
खिशात हात घालतो, चाळीस निघाले तर चाळीस लिहितो,
पावती फाडून मला देतो,
स्थळप्रत मी ठेवतो.

काही संध्याकाळी निघत नाहीत.
गोळ्या आणलेल्या असतात, नाहीतर गॅस.
समोरच्याचं वाक्य मला तोंडपाठ असतं,
त्याला माझं.
"सकाय ये," तो म्हणतो.
मी शून्य लिहीत नाही,
मथाबाईंसाठी सोडायचो तशी जागा कोरी सोडतो
आणि वळतो.
जायचं कुठेच नसतं,
पण वळतो.