पुठ्ठ्याचा पडदा

मागच्या गुरुवारी त्यांनी माझा ड्रॅगन
दोन फेऱ्यांत मारला.
तीन आठवडे खपून मी त्याला पंख दिले होते,
पूर्वज दिले होते, एका बुडालेल्या मठाची आठवण,
आणि दोनशे बारा प्राण.
डेलमारनं भाला फेकला, मारिटनं मंत्र म्हटला,
आणि तो तोंडही न उघडता गेला.
बोलायचं होतं त्याला.
त्याचं भाषण मी घडी घालून खिशात ठेवलं,
परवा धुण्यात निघालं ते,
निळसर लगदा.

म्हणून या खेपेला तोल साधायला बसले.
डुलुथ, फेब्रुवारी, उणे चोवीस.
बाहेर सरोवराचा बर्फ रात्रभर तडकतो,
आत तळघरात बॉयलर खोकतो,
आणि मी बिलाच्या पाठीवर राक्षस मांडते:
बर्फाखालचा, आंधळा, आठ हातांचा.
प्राण दुप्पट.

पुस्तकात तक्ता आहे.
चार माणसं, सातवी पायरी, तर राक्षस एवढा.
तक्त्याला ठाऊक नाही
की खाण बंद पडल्यापासून डेलमार
आठवडाभर त्या भाल्यावरच जगतो,
की मारिट रात्रपाळी करून येते
आणि तिसऱ्या फेरीनंतर तिच्या बेरजा चुकतात,
की लेलंड कुठल्याही राक्षसाशी आधी गप्पा मारून बघतो,
की सोळा वर्षांचा एनोक
आपल्या साधूचं मलम
स्वतःच्या जखमेला कधी लावत नाही.
तक्त्याच्या लेखी चार म्हणजे चार.

आणि खरंच पारडी सारखी केली तर?
तर दर दुसऱ्या गुरुवारी चार थडगी.
ते कुणालाच नको असतं.
हवं असतं हरता हरता वाचणं,
आणि वाचवणारा हात
दिसता कामा नये.
तो हात माझा.
वीस वर्षं पुठ्ठ्याआड.

तिसऱ्या फेरीत मारिट कोसळली.
लेलंडच्या गप्पांना राक्षसानं दाद दिली नाही.
साधू तिच्यावर वाकला, मलम उघडलं,
त्याचे स्वतःचे प्राण उरले नऊ,
आणि मी पडद्याआड फासा टाकला.
वीस.
फाशांनाही आपण दान म्हणतो,
ओंजळीत घालतात त्यालाही दान.
मी पहिलं झाकलं
आणि दुसरं दिलं.
म्हटलं, “चुकला.”

बॉयलर खोकला.
डेलमार माझ्याकडे न बघता
लोणच्यातल्या हेरिंगचा काटा काढत राहिला.
एनोक म्हणाला, “लागलं ना?”
मी गप्प.
“ऑक्टोबरपासून घरी सगळे असंच करतात.
डॉक्टर, बाबा, मावशी.
सगळे पडद्याआड टाकतात
आणि बाहेर येऊन हसतात.
इथं तरी नको.”

मी पडदा उचलला.
वीस तसाच पडून होता, मेणबत्तीच्या डागाशेजारी,
लहान, लाल, निर्लज्ज.
नुकसानाचे फासे मग मी सर्वांसमोर टाकले:
एकतीस.
नवातून एकतीस.
ही बेरीज मारिटलाही चुकवता आली नसती.

एनोकनं कागदावर तारीख घातली.
साधूच्या नावापुढे एक आडवी रेघ.
मग म्हणाला, “मलम लागलं होतं का आधी?”
लागलं होतं.
मारिट उठली. तिनं त्याला खांद्यावर घेतलं,
डेलमारनं भाला मागेच टाकला,
आणि तिघं बर्फावरून पळाले,
लेलंड अजूनही राक्षसाला काहीतरी समजावत.

“किती उरले होते त्याचे?” डेलमारनं विचारलं.
“चार.”
चार! टेबलावर एकच आरडाओरडा,
शिव्या, बशीतले मासे सांडले,
एनोकला हसताना मी
ऑक्टोबरपासून पहिल्यांदा ऐकलं.
माझं काही साधलं होतं, असं नाही.
दुप्पट प्राण ही माझीच चूक होती.

जिन्यापाशी बुटांच्या नाड्या बांधत
त्यानं विचारलं,
“तो ड्रॅगन काय बोलणार होता?”
छान काहीतरी रचून सांगता आलं असतं.
जिभेवर आलंही होतं.

“लगदा झाला त्याचा,” मी म्हटलं,
“धुण्यात गेलं.”