कोमट पाणी चालेल

पाहायला आलेल्यांना चहा मीच नेला.
सात कप. आठवा नव्हताच.
"तू गं?" मुलाच्या मावशीनं विचारलं.
मी घेत नाही.
"पित्त हाय का?"
नाही. आमच्या चर्चमध्ये घेत नाहीत.
"आमी बी येशूचेच की.
येशूनं चहाला कामून नाही म्हणावं?"
तेव्हा चहा नव्हता, मावशी,
हे मी मनात म्हणाले.
मुलगा मोबाइलमध्ये होता.

माणसं वाईट नव्हती.
भोकरदनची, जुन्या मिशनची.
दारात चपला घालताना आईला म्हणाली,
पोरगी गुणाची आहे,
पण घरी आल्या-गेल्याचं कसं व्हायचं?

कंपनीत मी बियाणं तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे,
दहाची ओळ, अशा दहा ओळी,
गुंडाळी करून पेटीत उभी करायची.
अकरा वाजता सगळ्या टपरीवर जातात,
मी दाण्यांशी उरते.
माझ्या नोंदीत खाडाखोड नसते, त्याचं कारण एवढंच.
पगार अठरा हजार चारशे.
त्यातले अठराशे चाळीस माझे नाहीत,
ते आधी बाजूला.

चर्चचं पूर्ण नाव सांगेपर्यंत
रिक्षा मोंढ्यापासून गांधी चमनला येते.
नावात "संत" आहे.
"म्हणजे तुम्ही संत?"
रिक्षावाला आरशातून बघतो.
इथं चार कोसांवर एक समाधी,
आणि मी, सुवार्ता मघाडे,
डब्यात कारल्याची भाजी घेऊन निघालेली.

रविवारी विकत काही घेऊ नये.
सहाच्या एसटीत बायकांचं अर्धं तिकीट घेताना
मी देवाला सांगते, निम्माच गुन्हा.
संभाजीनगरला टायरच्या दुकानावर एक खोली,
अकरा माणसं. पंखा चालू केला
की भजनाची पानं उडतात.
ब्रेड मिळाला नाही
तर काकूंची ज्वारीची भाकरी, तीही चालते.
मग पाणी.
द्राक्षरस नाही, पाणीच,
बोटाच्या पेराएवढ्या पेल्यात.
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो.
पाणी पवित्र कसं, ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

ओबेदकाका प्रार्थना वाचतात.
एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
काका कार्ड डोळ्यांशी धरतात. तिसऱ्यांदा.
कुणी खोकत नाही.

गाडी चुकते त्या रविवारी
माझ्याकडे भाकरी असते, पाणी असतं,
ते आशीर्वादित करायला कुणी नसतं.
मी भाकरी भाजीशी खाते.

कुटुंब मेल्यावरही तुटत नाही, असं आम्ही मानतो.
म्हणून मी वरची माणसं शोधते.
मिशनच्या नोंदवहीत, दुष्काळाच्या साली:
येसबा, बायको भागू, मुलगी एक.
मुलीचं नाव लिहिलेलं नाही.
ती माझी खापरपणजी.
तिच्यासाठी मी एक चौकट उघडून ठेवली आहे.
तशीच एक माझ्या नावाशेजारी आहे,
जोडीदार.
तिथं यंत्र रोज विचारतं.
मी "नंतर" दाबते.

बंगळूरच्या मेळाव्यात तिघे बोलले.
दोघांनी पगार विचारला.
एकानं विचारलं, जालना कुठं आलं?
मी त्याला नकाशा काढून दाखवला,
त्यानं तो घडी करून खिशात ठेवला.
एवढंच झालं.
मार्चमध्ये मला तिशी लागेल.

आज मुगाचा आठवा दिवस.
गुंडाळी उलगडली, चिमट्यानं मोजले.
एकोणनव्वद उगवले. चार कुजले.
सात तसेच, कडक, चकाकणारे,
आठ दिवस पाण्यात राहून
पाणी आत न घेतलेले.
यांना मेलेले म्हणत नाहीत.
फॉर्मवर त्यांचा वेगळा रकाना असतो: कठीण बी.
सात, मी लिहिलं.
मग पुन्हा मोजले. सातच.

विजयमाला टपरीवरून आली,
हातात काचेचा ग्लास.
"घे बाई, नुसतं पाणी हाय, कोमट.
किती दिस बसायलीस अशी एकटी."
ग्लासाला चहाचा वास होता.
मी प्याले.